झऱ्याची साक्ष



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मला इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय शिकवले. हे दोन विषय वेगळे आहेत असे त्यांनी आम्हांला कधी भासू दिले नाही. त्यामुळे आजच्या व्याख्यानासाठी मी राजे, लढाया किंवा तह यांतला विषय न निवडता आपल्या बीदर-कलबुर्गी सीमाभागातील झऱ्यांचा विषय निवडला, याचे जुन्या विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटणार नाही. झऱ्यांनाही इतिहास असतो. त्यांचे पाणी वाढते, आटते, गोड असते आणि नासतेही. मात्र हा इतिहास लिहिण्यासाठी जी साधने लागतात, ती आपण जमवली नाहीत. ही उणीव कशी निर्माण झाली आणि ती भरून कशी काढता येईल, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. त्या उणिवेत माझाही एक वाटा आहे. त्याची कबुली यथावकाश देईन.

प्रथम भूमीचा विचार करू. बीदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते जांभ्या दगडाचे आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणावर लाल टोपी घालावी तसा हा जांभा पसरलेला आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारात पाहिलेल्या अशाच दगडाला वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले. कारण तो ओला असताना कुऱ्हाडीने कापता येतो आणि उघड्यावर ठेवला की विटेसारखा कठीण होतो. बीदरचा किल्ला आणि त्याचा खंदक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा गुण वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हा दगड अंगभर छिद्रांचा आणि नळ्यांचा आहे. पठारावर पडलेले पावसाचे पाणी त्यातून झपाट्याने खाली मुरते. जांभ्याच्या बुडाशी पांढुरकी, पिवळसर चिकणमाती असते आणि तिच्याखाली काळा पाषाण. चिकणमाती पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. अडलेले पाणी मग आडवे वाहू लागते आणि पठाराचा कडा जेथे तुटतो, तेथे बाहेर पडते. बीदरच्या कड्याखालील झरे हे असे आहेत. जांभा ही पाण्याची कोठी, चिकणमाती ही तिची तळफरशी आणि झरा हे तिचे दार, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सारे विवेचन समजावयास पुरेसे आहे.

आता या दारांशी माणसांनी काय काय जोडले ते पाहा. सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'त वैदुरानगरीच्या यवन राजाची कथा येते. वैदुरानगरी म्हणजे बीदर. राजाच्या मांडीवर फोड होतो, औषधे चालत नाहीत, आणि त्याला पापविनाशी तीर्थावर एकट्याने जाऊन स्नान करण्याचा सल्ला मिळतो. तेथे त्याला एक यती भेटतो आणि पुढे तो श्रीनृसिंह सरस्वतींच्या दर्शनाला गाणगापुरास जातो. बीदरच्या पापनाश मंदिराजवळ आजही झरा आहे आणि त्याच्याखाली तलाव आहे. त्याच नावाचे दुसरे तीर्थ कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूरच्या अष्टतीर्थांत आहे. भीमा आणि अमरजा यांच्या संगमाला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना षट्कुळ, नृसिंह, भागीरथी, पापविनाशी, कोटी, रुद्रपाद, चक्र आणि मन्मथ ही आठ नावे पाठ असतात.

पठाराच्या याच कड्यावर नानक झिरा आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुरू नानकदेव दक्षिणेत आले असता येथील लोकांनी गोड्या पाण्याच्या टंचाईचे गाऱ्हाणे मांडले, आणि त्यांनी पायाने दगड सरकवताच झरा फुटला, अशी श्रद्धा आहे. पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बीदरचे होते. त्यामुळे नांदेडला येणारा यात्रेकरू पुष्कळदा बीदरलाही येतो. जवळच नरसिंह झिरा आहे. जांभ्यात कोरलेल्या सुमारे ३०० मीटर लांबीच्या बोगद्यातून, छातीएवढ्या पाण्यातून चालत भाविक देवाच्या दर्शनाला जातात. जलासुर नावाच्या दैत्याचा वध झाल्यावर त्याचेच पाणी होऊन ते वाहू लागले, असे तेथे सांगतात.

दत्तभक्त, शीख, नरसिंहाचे उपासक असे वेगवेगळ्या परंपरांचे लोक एकाच जांभ्याच्या एकाच कड्याला नमस्कार करीत आले आहेत. मला या कथांत एक महत्त्वाची ऐतिहासिक साक्ष दिसते. पाणी येथे होते, ते बारमाही होते आणि लोक ते मोलाचे मानीत होते, एवढे या कथा निःसंशय सांगतात. परंतु ते किती होते आणि कसे होते, हे सांगणे कथेचे काम नव्हे.

ते काम ज्यांना करावे लागले अशी एक मंडळी येथे होती. बहमनी राज्याची राजधानी १३४७ पासून गुलबर्ग्यास होती. अहमदशाह वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बीदरला आणली. उंच पठारावरील राजधानीला पाणी कोठून द्यावे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. इराणशी असलेल्या संबंधांतून त्याचे उत्तर आले. ते म्हणजे कारेज. आपल्याकडे तिला 'सुरंग बावी' म्हणतात. उंचावर एक मूळ विहीर खणावयाची. तिच्या पाण्याच्या पातळीपासून सखल भागाकडे अगदी मंद उताराचा बोगदा काढावयाचा. आणि वाटेत ठिकठिकाणी उभे कूप खणून त्यांतून माती वर काढावयाची, कामगारांना हवा द्यावयाची. पाणी आपल्या भाराने वाहत बाहेर येते. मोट नको, बैल नकोत. नौबादची कारेज दोन किलोमीटरांहून लांब असून तिच्यावर वीसहून अधिक कूप आहेत. शुक्लतीर्थ आणि जमना मोरी ही याच कुळातील बीदरची आणखी दोन कामे. पुढे मलिक अंबराने खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जी नहर बांधली आणि बऱ्हाणपूरला जो कुंडी भंडारा झाला, ती याच विद्येची फळे होत.

कारेज म्हणजे माणसाने बांधलेला झराच. ती चालू ठेवावयाची तर दरवर्षी गाळ काढावा लागतो, ढासळलेला भाग सावरावा लागतो आणि पाणी कमी झाले की का झाले ते शोधावे लागते. इराणात हे करणाऱ्या कारागिरांना मुकन्नी म्हणत. पाणी वाटण्यासाठी तेथे तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी मोठ्या भांड्यातील पाण्यावर सोडीत. ती भरून बुडाली की एक पाळी संपली. आपल्याकडील घटिकापात्र नेमके असेच. ते बुडावयास २४ मिनिटे लागत आणि त्यावर आपण लग्नाचे मुहूर्त साधत होतो. म्हणजे पाणी आणि काळ यांची सांगड घालण्याची युक्ती दोन्ही संस्कृतींपाशी होती. वाहते पाणी मोजणे याचा अर्थ तरी दुसरा काय? अमुक वेळात अमुक पाणी, एवढेच.

झऱ्याच्या मोजणीला शास्त्राचे रूप युरोपात आले ते १६७४ साली. आपल्याकडे रायगडावर शिवराज्याभिषेक झाला, तेच हे वर्ष. झऱ्यांचे आणि नद्यांचे पाणी समुद्रातून जमिनीखालच्या गुप्त वाटांनी येते, असे तोवर मोठमोठे विद्वान मानीत होते. पिएर पेरो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने तीन वर्षे पाऊस मोजला, सेन नदीच्या उगमाकडील प्रवाहाचा अंदाज घेतला आणि दोहोंची तुलना केली. पडणारा पाऊस नदीतून वाहणाऱ्या पाण्याच्या सुमारे सहापट भरला. म्हणजे झरे आणि नद्या वाहत्या ठेवावयास पाऊस पुरून उरतो. दोन हजार वर्षांचा वाद एका साध्या भागाकाराने मिटण्याच्या वाटेला लागला.

दुसरा प्रसंग १८५४ चा आहे आणि तो आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीची साथ आली. तेथील सार्वजनिक पंपाचे पाणी चवीला फार चांगले म्हणून प्रसिद्ध होते. दूर राहावयास गेलेली एक वृद्धा केवळ त्या चवीसाठी ते पाणी गाडीवरून मागवीत असे, आणि ती त्याच साथीत दगावली. डॉ. जॉन स्नो यांना पाणी तपासून ठोस असे काही हाती लागले नाही. त्यांनी मृत्यूंची घरवार मोजणी केली, कोणते घर कोठले पाणी पिते हे विचारले आणि ती माहिती मागाहून नकाशावरही मांडली. त्या मोजणीच्या पुराव्यावर पंपाचा दांडा काढण्यात आला. पंपाजवळ एक मैलाकुंड झिरपत होते, हे मागाहून उघडकीस आले. चव ही शुद्धतेची साक्ष नव्हे, हा धडा जगाने तेव्हा घेतला. आपल्या सीमाभागातील झऱ्यांविषयी तो अजून घ्यावयाचा आहे.

कारण गेल्या ६०-७० वर्षांत जांभ्याच्या वरच्या बाजूला बरेच काही बदलले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेडचा भाग आंध्रात गेला. उरलेला भाग म्हैसूर राज्यात गेला. दप्तरे वाटली गेली, त्यांची भाषाही बदलली. भूमीखालचे पाणी मात्र या रेषा ओळखत नाही. त्यानंतर विंधन विहिरी आल्या. झरा हे कोठीचे दार असेल, तर विंधन विहीर हे तिला मारलेले छिद्र होय. पुरेशी छिद्रे पडली की दारापर्यंत पाणी पोहोचतच नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

दूषणाची वाट याहून सोपी आहे. जांभा खणावयास सुलभ, म्हणून शौचालयाचे शोषखड्डे खोल जातात. जांभा सच्छिद्र, म्हणून खड्डा कधी भरत नाही आणि घरमालक समाधानी राहतो. तो भरत नाही याचा अर्थ एवढाच की त्यातले पाणी कोठेतरी जात आहे. पावसाचे पाणी ज्या नळ्यांनी झऱ्याकडे जाते, त्याच नळ्यांनी हेही जाते. त्यात शेतांतील युरियाची भर पडते आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचीही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक समूहांचे मूल्यमापन केले. बीदरला त्यात ६० ते ७० गुणांच्या, म्हणजे तीव्र प्रदूषणाच्या गटात स्थान मिळाले. भूजलात नायट्रेटचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळलेल्या जिल्ह्यांच्या केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत बीदर आणि कलबुर्गी ही दोन्ही नावे येतात.

आता मघाशी म्हटलेली कबुली. माझे गाव पठाराच्या कड्याखाली आहे आणि गावाला एक झरा होता. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की गुरुजी आम्हां सात-आठ मुलांना घेऊन तेथे येत. झऱ्याच्या दगडी तोंडाखाली घागर लावावयाची आणि ती भरेपर्यंत सर्वांनी एका लयीत पाढे म्हणावयाचे. गुरुजींचे घड्याळ असे. परंतु घड्याळ बंद पडले तरी मोजणी चुकू नये म्हणून पाढ्यांचीही नोंद होई. श्रावणात बेचा पाढा संपण्याआधी घागर भरे. वैशाखात आम्ही पाचाच्या पाढ्यापर्यंत जात असू. पाण्याचा रंग, वास, आधीच्या आठवड्यातला पाऊस आणि गावात कोणी आजारी आहे काय, एवढे रकाने त्या वहीत होते. आम्हांला तो खेळ वाटे. गुरुजी मात्र म्हणत की, ही वही आज कोणाच्या उपयोगाची नाही, ती पुढे लागेल.

निवृत्तीच्या वेळी त्यांनी ती वही माझ्या हाती दिली. मी तेव्हा परगावी महाविद्यालयात इतिहास शिकवू लागलो होतो. बहमनी फर्माने आणि मोडी कागद शोधत हिंडणाऱ्या मला घरातले हे कागद साधन वाटले नाहीत. एका घरबदलात ती वही रद्दीबरोबर गेली. ती कोणत्या दिवशी गेली हेदेखील मला सांगता येत नाही.

पुढे काही वर्षांनी एका पावसाळ्यात गावात काविळीची साथ आली. झऱ्याच्या पाण्याला वास येऊ लागला होता. वरच्या अंगाला वस्ती वाढली होती आणि एक नालाही वळवला गेला होता. गावकऱ्यांनी अर्ज लिहिला आणि गावचा शिकलेला माणूस म्हणून मला बरोबर नेले. समोरच्या अधिकाऱ्याने उद्धटपणा केला नाही. त्याने एकच प्रश्न विचारला : पूर्वी हे पाणी चांगले होते आणि ते अमुक वर्षापासून बिघडले, याला आधार काय? गावातील वृद्धांनी शपथा घेतल्या. मी गप्प होतो. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात विद्यार्थ्यांना आधाराशिवाय विधान करू नका म्हणून शिकवले, त्याच्यापाशी आधार होता आणि तो त्याने घालवला होता. अर्ज तसाच परत आला. आज तो झरा पावसाळ्यापुरता वाहतो आणि त्याचे पाणी कोणी पीत नाही.

या अनुभवानंतर मी पाण्याच्या जाणकारांना गाठून मोजणी कशी करतात ते शिकलो. वयाच्या उत्तरार्धात शिकलेली ही विद्या विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. ती अवघड नाही.

प्रथम प्रवाह. दहा लिटरची बादली आणि सेकंदकाट्याचे घड्याळ पुरे. बादली २० सेकंदांत भरली, तर झरा सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर पाणी देतो. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर हे २०१९ च्या जलजीवन अभियानाचे प्रमाण धरले, तर एवढ्या बारीक धारेवर ७८५ माणसांची गरज भागते. मोजणी तीन वेळा करून सरासरी घ्यावी. झरा मोठा असेल तर वाटेत त्रिकोणी खाचेची पाटी बसवून खाचेतील पाण्याची उंची मोजतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उंची दुप्पट झाली, तर प्रवाह दुप्पट न होता साडेपाचपटींहून अधिक होतो. म्हणून डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी फसतो.

नंतर पाण्याचे रसायन. नमुना कुंडातून न घेता झऱ्याच्या मुखाशी घ्यावा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. तापमान, सामू आणि विद्युतवाहकता जागेवरच पाहावी, कारण नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती बदलते. जांभ्यातील पाणी बहुधा मृदू आणि अल्प क्षारांचे असते. काळ्या पाषाणातील पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम अधिक; कलबुर्गीच्या दक्षिणेस शहाबादी फरशीच्या चुनखडकात पाणी आणखी जड होते. म्हणून गाणगापूरच्या आकड्यावरून बीदरच्या झऱ्याचा निवाडा करू नये. प्रत्येक झऱ्याची तुलना त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या आकड्यांशी व्हावयास हवी. वाहकता एकाएकी वाढली, तर काहीतरी नवे मिसळू लागले असे समजावे. क्लोराइड आणि नायट्रेट ही जोडीने वाढली, तर पहिला संशय मैलापाण्याचा.

पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकानुसार नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते; सामू ६.५ ते ८.५ असावा, आणि १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातील जंतू मुळीच आढळू नयेत. नायट्रेटला रंग, वास किंवा चव नसते. तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती ते कमी करते आणि मूल निळसर पडते. माता-भगिनींनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी : पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. जंतूंसाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली सुचवलेली साधी चाचणी आहे. औषध लावलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवावे. ते काळे पडले की दूषण समजावे आणि रीतसर तपासणीसाठी नमुना पाठवावा.

प्रवाह आणि रसायन ही दोन्ही एकाच दिवशी का मोजावी, हेही सांगतो. लिटरमागे ६० मिलिग्रॅम नायट्रेट असलेला अर्ध्या लिटरचा आपला झरा दिवसाला सुमारे २ किलो ६०० ग्रॅम नायट्रेट वाहून आणतो. उन्हाळ्यात धार निम्मी झाली आणि नायट्रेट दुप्पट झाले, तर रोजची घाण तेवढीच आहे, पाणी मात्र कमी झाले आहे. तेव्हा उपाय पाणी मुरवण्याचा. पहिल्या पावसात धार आणि नायट्रेट दोन्ही एकदम वाढली, तर वर साचलेली घाण धुऊन येत आहे; तेव्हा उपाय शोषखड्डे, उकिरडे आणि नाले यांचा. केवळ एक आकडा पाहणारा उन्हाळ्यात भलत्यावर आरोप करील आणि पावसाळ्यात खऱ्या कारणाला मोकळे सोडील.

या कामाला आता देशात चांगली दिशा मिळाली आहे. सिक्कीममध्ये २००८ पासून 'धारा विकास' या नावाने झऱ्यांचे पुनरुज्जीवन चालू झाले. पुण्याच्या अॅक्वाडॅम या संस्थेतील आपल्या मराठी भूजलतज्ज्ञांनी त्यासाठी खडकांचा अभ्यास केला. झरा जेथे फुटतो तेथे न खणता, त्याचे पाणी जेथे मुरते ती जागा शोधून जपावी, हे त्यांचे सूत्र. नीती आयोगाने २०१८ साली हिमालयातील झऱ्यांवर स्वतंत्र अहवाल काढला. आपल्या बीदरलाही नौबादच्या कारेजेतील गाळ काढण्याचे काम झाले आणि २०१४ साली बीदरच्या ऐतिहासिक नगराचे नाव जगातील जपणुकीयोग्य वारशांच्या यादीत आले. वारसा म्हणून कूप जपले जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दगडी कूप जपला आणि वरच्या पठारावरील मुरण्याची जागा बांधकामाखाली गेली, तर आपण रिकाम्या घागरीचे कौतुक करीत बसू.

तीर्थाच्या पाण्याची तपासणी करणे हा श्रद्धेचा अवमान आहे काय, असे मला एका सभेत विचारण्यात आले होते. माझे उत्तर असे की, ज्या पाण्याला आपण तीर्थ म्हणतो, त्याची निगा सामान्य पाण्यापेक्षा अधिक घेतली पाहिजे. मंदिराच्या दागिन्यांची नोंदवही असते, गुरुद्वारातील लंगरच्या धान्याची असते, दर्ग्याच्या उत्पन्नाची असते. मग ज्या पाण्यामुळे ती जागा पवित्र ठरली, त्या पाण्याचीच तेवढी नोंदवही का नसावी? चांगला आकडा आला तर श्रद्धेला आधार मिळेल, वाईट आला तर भाविकाच्या मुलाबाळांचे रक्षण होईल.

शेवटी शाळेपाशी एक मागणे मागतो. गुरुजींच्या नावाने पदके आणि पारितोषिके आहेतच. त्यांच्या नावाने एक वही सुरू व्हावी. परिसरातील तीन झरे निवडावेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आठवी-नववीच्या मुलामुलींनी शिक्षकांसह जाऊन धार मोजावी, सामू आणि वाहकता पाहावी, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. त्या तपासणीचा पहिल्या पाच वर्षांचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. नोंद कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असावी, म्हणजे ती कोणत्याही कार्यालयात वाचता येईल. तिच्या दोन प्रती असाव्यात. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत. एका प्रतीवर विसंबणाऱ्याचे काय होते, ते मी आपणांस सांगितलेच आहे.

पहिली काही वर्षे या वहीत सांगण्यासारखे काहीच दिसणार नाही. मुले कंटाळतील, नवे शिक्षक विचारतील की हे कशासाठी. त्यांना सांगावे की, एक दिवस गावचा कोणी माणूस कोणा अधिकाऱ्यासमोर उभा राहील, त्याला आधार विचारला जाईल, आणि त्या दिवशी त्याच्या हाती ही वही असेल.